पाणी मोजायला कॉम्प्युटर, वाटायला कोण?

आमच्या गावात पारावर एक वाद बरेच महिने चालू आहे आणि तो दोन्ही बाजूंनी इतका वाईट भांडला जातोय की शेवटी लिहायला बसलो. निमित्त बातम्यांचं. एप्रिल २०२५ मधे केंद्राने लाभक्षेत्र विकासाची नवी योजना मंजूर केली, सुरुवातीला १६०० कोटींची, त्यात शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जमिनीखालच्या पाइपातून दाबाचं पाणी आणि त्या पाण्याचा हिशोब ठेवायला स्काडा, आयओटी वगैरे, म्हणजे सेन्सर आणि इंटरनेटवरून लांबूनच पाण्यावर लक्ष ठेवायची व्यवस्था. दोन महिन्यांनी राज्याचं महाॲग्री-एआय धोरण आलं, त्याला ५०० कोटी. बारामतीत एआयच्या सल्ल्याने पिकवलेल्या उसाचे व्हिडिओ तर त्याआधीपासूनच सगळ्यांच्या फोनमधे फिरत होते. झालं, पारावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते आता कॉम्प्युटर पाणी सोडणार, म्हणजे वशिला संपला, हेडवाल्यांची, म्हणजे कालव्याच्या वरच्या तोंडाशी बसलेल्यांची, दादागिरी संपली, टेलला, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला, पाणी आलंच समजा. दुसरी म्हणते एसीत बसलेल्या कॉम्प्युटरला काय माहिती आमची काळी किती दिवस ओल धरते आणि वरची मुरमाड किती दिवसात करपते, हे सगळं सेन्सर विकणाऱ्यांचं दुकान आहे.

मी टेलच्या एका पाणी वापर संस्थेचा, म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचा, पाच वर्षं सचिव होतो. म्हणजे मानधन शून्य, शिव्या भरपूर, आणि उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं त्या दिवसांत, रात्री अडीचला फोन. त्यामुळे आधीच सांगून टाकतो की मला मॉडेल, म्हणजे पाण्याचा हिशोब करणारा हा कॉम्प्युटर, पाहिजे आहे, उद्या येणार असेल तर आज पाहिजे आहे. पण पहिली पार्टी ज्यासाठी मागतेय त्यासाठी नाही, आणि दुसरी पार्टी ज्याला घाबरतेय ते तर आत्ताही चालूच आहे, फक्त त्याला कोणी मॉडेल म्हणत नाही.

घोळ कुठं होतोय बघा. मॉडेल मॉडेल म्हणून जे बोललं जातं त्यात तीन वेगळी कामं एकत्र कालवलीत. एक म्हणजे पिकाला किती पाणी लागतं. ऊन किती, वारा किती, हवा कोरडी का दमट, पीक किती दिवसांचं, जमीन कसली, यावरून रोज किती मिलिमीटर पाणी उडून जातं याचा हिशोब. याची गणितं जगभर वापरात आहेत आणि बऱ्यापैकी बरोबर येतात. दुसरं काम म्हणजे कालव्यात पाणी कसं पळतं. शंभर किलोमीटरच्या कालव्यात वरून दार उचललं तर खाली पाणी पोचायला दीड-दोन दिवस लागतात, कालवा कोरडा असेल तर जास्तच, आणि मधेच अवकाळी आला आणि सगळ्यांनी आउटलेट, म्हणजे शेताकडं पाणी सोडणारी तोंडं, बंद केले तर वाटेत असलेल्या पाण्याचं काय करायचं हे आजही कुणाला सांगता येत नाही, ते सरळ नाल्यात जातं. हाही हिशोबाचाच भाग, आणि माणसापेक्षा कॉम्प्युटर तो नक्की चांगला करतो. पण तिसरं काम वेगळंच आहे. पाणी कमी पडलं तर कोणाचं तोडायचं? उसाला आधी का ज्वारीला? हेडच्या जुन्या बागायतदाराला का टेलच्या नव्या लाभधारकाला? शहराला किती, एमआयडीसीला किती? याला गणित नाही. याला न्याय म्हणतात, किंवा राजकारण म्हणतात, ज्याची पाळी हुकली त्यावर अवलंबून आहे काय म्हणायचं ते.

पहिली पार्टी काय करते, पहिल्या कामातली अचूकता दाखवते आणि तिसरं काम गपचूप त्याच गाडीत बसवून नेते. सॅटेलाइट बघतोय, सेन्सर बघतोय, म्हणजे वाटप पण बरोबरच होणार. कसं काय? दुसरी पार्टी तिसऱ्या कामाला घाबरते, ते बरोबरच आहे, पण त्या नादात पहिली दोन्ही पण फेकून देते. मग वाद पुढं सरकणार कसा?

आता दुसऱ्या पार्टीचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही.

मॉडेलला खायला आकडे लागतात आणि आकड्यांची आपल्याकडं काय तऱ्हा आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या छोट्या पाटाच्या, तोंडाशी एक फ्ल्यूम आहे, म्हणजे सिमेंटचा गळा आवळलेला पाट, त्यात पाण्याची उंची बघायची आणि तक्त्यावरून किती पाणी चाललंय ते काढायचं. बाजूला उंचीची पट्टी होती ती गंजून गेली. मग माणूस अंदाजाने उंची सांगतो. आता गंमत अशी की या फ्ल्यूममधे पाणी उंचीच्या दीड घाताने वाढतं, म्हणजे खरी उंची २० सेंटीमीटर असताना तुम्ही २२ लिहिली की पाणी १५ टक्के जास्त दिसतं. दोन सेंटीमीटर, बोटाची रुंदी! एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी चोवीस तास चाललं की साधारण साडेचोवीस लाख लिटर होतं, आठ सेंटीमीटरचं भरणं धरलं तर तीन हेक्टर, साडेसात एकर भिजतं. त्यातलं १५ टक्के म्हणजे रोजचा एकरभर कागदावर भिजला आणि शेतात कोरडा राहिला. बरं, खालच्या बाजूला गाळ साचला, गवत माजलं की पाणी मागं दाटतं आणि मग उंची भरपूर दिसते पण पाणी चाललेलंच नसतं, तक्ता तिथं साफ खोटं बोलतो. मी एकदा रजिस्टर पाहिलं त्यात सलग नऊ दिवस ३२, ३२, ३२ असंच लिहिलेलं होतं, एकाच पेनाने, एकाच दमात. त्या नऊ दिवसातले तीन दिवस आमच्या चारीत बेडूक पण भिजला नव्हता.

आणि हे फक्त आमच्या चारीचं दुखणं नाही. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून ते गाजलेलं वाक्य निघालं, दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्का वाढलं. त्यावरून सरकार हललं, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीला चितळे समिती नेमली गेली. पण त्या सगळ्या धुरळ्यात एक साधा प्रश्न होता की मुळात भिजलेलं क्षेत्र मोजतो कोण आणि कसं, कृषी खात्याचा आकडा वेगळा, जलसंपदाचा वेगळा, आणि नंतर कित्येक वर्षं त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असंच छापून यायचं. ज्या राज्याला किती जमीन भिजली हेच धड सांगता येत नाही तिथं प्रत्येक आउटलेटला किती लिटर सोडायचं हे मॉडेल सांगणार म्हणजे पत्रिका न बघता लग्नाची तारीख काढण्यासारखं आहे. हे मान्य.

दुसरी गोष्ट अजून अवघड आहे. मॉडेल ज्याला लॉस म्हणतं तो कुणाचा तरी प्रॉफिट असतो. कालव्यातून झिरपलेलं पाणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल रंगात दिसतं, गळती इतके टक्के, म्हणून. पण कालव्याच्या कडेच्या विहिरी त्याच गळतीवर चालतात. नीरा डाव्या कालव्याला अस्तरीकरण, म्हणजे गळती थांबवायला आतून सिमेंटचा थर, करायला निघाले तेव्हा बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो उगाच नाही. खालच्या टेलवाल्याला ते पाणी चोरी वाटतं, विहीरवाल्याला तो पिढीजात हक्क वाटतो, आणि मॉडेलमधे विहीर घातलेलीच नसेल तर तो माणूस नकाशावरच नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याकडचं नाही, बालीचं आहे. तिथं भातशेतीचं पाणी सुबक नावाच्या गट-संस्था वाटतात आणि त्यांचं वेळापत्रक डोंगरातल्या पाण्याच्या देवळांमधून ठरतं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीवाले आले, म्हणाले हे देवळाबिवळाचं सोडा, नवीन बियाणं घ्या, जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा भात लावा. झालं काय, सगळे आपापल्या मनाने लावायला लागले, पाणी एकाच वेळी सगळ्यांना कमी पडलं आणि तुडतुड्यांसारख्या किडींनी थैमान घातलं. कारण देवळाच्या वेळापत्रकात एक गोष्ट दडलेली होती, की आजूबाजूची सगळी खाचरं एकाच वेळी मोकळी ठेवायची म्हणजे किडीला खायला उरत नाही. नियोजन करणाऱ्यांच्या गणितात पाणी होतं, खत होतं, कीड नव्हती. मग १९८० च्या दशकात लान्सिंग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आणि क्रेमर नावाचे पर्यावरणाचे अभ्यासक, या दोघांनी दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं, त्यात पाणी पण घातलं आणि कीड पण, आणि वेगवेगळ्या पद्धतीने लावण करून पाहिली. सगळ्यात जास्त भात कुठल्या पद्धतीत आला? जवळपास तशाच पद्धतीत, जशी देवळं आधीपासून ठरवत होती.

दुसरी पार्टी हे उदाहरण ऐकून लगेच म्हणेल बघा, म्हटलं नव्हतं, जुनंच बरोबर. थांबा जरा. ते जुनं बरोबर होतं हे साहेबलोकांच्या गळी उतरलं कशाने? कॉम्प्युटर मॉडेलनेच ना? वर्षानुवर्षं शेतकरी ओरडत होते तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. म्हणजे वाईट मॉडेलला उत्तर मॉडेल नको हे नाही, ज्यात कीड घातलीय, विहीर घातलीय असं मॉडेल हे उत्तर आहे. आणि ती घालायला सांगणारा माणूस गावातला लागतो.

आता माणसाला कळतं, मशीनला कळत नाही, या मुद्द्याकडं येतो, कारण सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडतात. कुठल्या माणसाला? पांझरा, मोसम या नद्यांवर धुळे-नाशिककडं फड पद्धत होती, शेकडो वर्षं चालली, तिथं पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, बंधाऱ्यात पाणी कमी असेल तर कुठले फड त्या वर्षी भिजवायचे नाहीत ते आधीच ठरायचं. तिथला पाटकरी गावाने नेमलेला, गावाने पोसलेला, चुकला तर गाव विचारणार. तो माणूस परत येत असेल तर मी कॉम्प्युटर ओढ्यात टाकायला तयार आहे. पण आज मोठ्या प्रकल्पावर पाटकरी म्हणजे कोण? निम्म्या जागा रिकाम्या, एका कालवा निरीक्षकाकडं तीन-चार माणसांचं काम, आणि हेडला शंभर डोंगळे टाकलेले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डोंगळा म्हणजे कालव्यात सोडलेला पाइप, एकदा पाणी भरून ओढून दिला की स्वतःहून चालू राहतो, त्याला मोटर नको, परवानगी नको.) त्या बिचाऱ्या निरीक्षकाने डोंगळा काढला की रात्री त्याला कुणाचा फोन येतो हे सगळ्यांना माहितीय. म्हणजे वाटपाचा निर्णय आत्ताही एक मॉडेलच करतंय. त्यात इनपुट कोणाचा फोन आला हे आहे आणि आउटपुट टेलला किती दिवस कमी हे आहे. फक्त ते कुठं लिहून ठेवलेलं नाही म्हणून त्याला हरकत पण घेता येत नाही.

नियम कागदावर आला की लोक खवळतात हे जुनंच आहे. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, कोणत्या तुकड्याला किती वर्षं पाणी मिळणार, त्यातल्या किती भागात ऊस आणि किती भागात भुसार, हे आधीच बांधून दिलं. त्या काळातलं ते मॉडेलच म्हणा, कॉम्प्युटर नव्हता इतकंच. मतलब काय होता तर पाणी थोड्या लोकांच्या उसात न मुरता जास्त गावांत पसरावं. ती पद्धत पुढं कशी वाकवली गेली तो वेगळा विषय, पण वाकवली गेली हे आपल्याला सांगता येतं याचं कारण मुळात सरळ काय होतं ते लिहिलेलं होतं.

आता मला मॉडेल का पाहिजे, त्याचं खरं कारण. अचूकतेसाठी नाही. भरवशासाठी. टेलचा शेतकरी पाळी आली की काय करतो? वाफा तुडुंब भरतो, बांध फुटेस्तोवर. शहरातले लोक म्हणतात शेतकऱ्याला अक्कल नाही, पाणी वाया घालवतो. अहो त्याला पुढची पाळी येईल का हेच माहिती नाही. एकवीस दिवसांनी म्हणतात, पस्तीस दिवसांनी येते, कधी येतच नाही. मग तो जमिनीलाच बँक समजून पैसे भरून ठेवतो. माझे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, रात्रभर बॅटरी घेऊन पाटावर बसायचे, आधी पाण्याच्या तोंडाशी फेस येतो, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, मग मागून खरं पाणी, आणि त्या फेसाचा आवाज आला की सत्तरीतला माणूस फावडं घेऊन पळत सुटायचा. त्यात आता बिबट्या. उसाच्या पट्ट्यात रात्री दारं धरायला कोणी जायला तयार नाही, आणि रात्रीचं पाणी खुशाल ओढ्याला जातं. मला कॉम्प्युटरने हे सांगावं की तुमच्या चारीला मंगळवारी सकाळी आठला पाणी लागेल आणि गुरुवारी संध्याकाळी तुटेल. आणि ते खरं व्हावं. दहापैकी नऊदा खरं झालं ना, तर आण्णा वाफा निम्माच भरतील, कुणी प्रबोधन करायला नको, ठिबकची जाहिरात नको.

हे काम दुसऱ्या प्रकारचं आहे, पाणी कसं पळतं त्याचं, आणि हे जगात होतंय. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाकडं कालव्यांची दारं स्वतः पाणी मोजतात, स्वतः उघडझाप करतात, एकमेकांशी बोलतात, शेतकरी फोनवरून पाणी मागवतो. लांब कशाला, कर्नाटकात नारायणपूर डाव्या कालव्यावर अशीच स्काडाची व्यवस्था बसवली, जानेवारी २०२३ मधे पंतप्रधानांनी यादगीर जिल्ह्यात येऊन उद्घाटन केलं, दहा हजार क्युसेकचा कालवा आणि साडेचार लाख हेक्टर लाभक्षेत्र. त्याचा पण मुख्य उद्देश टेलच होता.

पण ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देणारे एक गोष्ट खिशात ठेवतात. तिथं शेतकऱ्याच्या नावावर पाण्याचा हक्क नोंदलेला असतो, सातबाऱ्यासारखा, विकता येतो, कोर्टात मागता येतो. आधी हक्क, मग मशीन. मशीन फक्त हुकमाची तामिली करतं. आपल्याकडं उलटं चाललंय, हक्क हवेत आणि मशीन आधी. तरी आपल्याकडं कायदा नाही असं नाही, २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे मोजून, कोट्याप्रमाणे पाणी द्यायचंय आणि कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचंय. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाडच्या लोकांनी हे करून दाखवलं. ओझरच्या टेलच्या तीन संस्थांनी १९९१ च्या सुमारास सुरुवात केली, पुढं अख्खा प्रकल्पच संस्थांनी चालवायला घेतला. त्यांच्याकडं तेव्हा कुठलं एआय होतं? मोजलेलं पाणी होतं आणि मोजलेलं पाणी सगळ्यांना दिसत होतं. सुरुवात हेडने नाही, टेलने केली होती हे पण लक्षात ठेवा.

आणि तिसऱ्या कामाचं, कुणाचं तोडायचं याचं, एक मॉडेल महाराष्ट्रात ऑलरेडी चालू आहे, आपण त्याला मॉडेल म्हणत नाही इतकंच. जायकवाडी, पैठणचं गोदावरीवरचं धरण. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मधे एक तक्ता दिला, जलसंपत्ती प्राधिकरणाने २०१४ मधे त्यावर आदेश काढला, आणि साधारण भाषेत सांगायचं तर १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, कुठल्या धरणसमूहातून किती ते तक्त्यात बघायचं. अमुक असेल तर तमुक कर. अल्गोरिदम म्हणजे दुसरं काय असतं? २०२३ मधे त्यानुसार ८.६ टीएमसी, म्हणजे ८६० कोटी घनफूट, सोडायचा आदेश निघाला. वरचे खवळले, खालचे म्हणाले उशीर केला, मोर्चे, याचिका, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. लोक याला अपयश समजतात. मला तर हे त्या तक्त्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं. भांडता आलं, कारण आकडा समोर होता. ६५ का, ६० का नाही? वाटेत नदीत मुरतं ते कोणाच्या खात्यात? वरच्यांना खरिपात किती वापरायची मुभा? हे प्रश्न नाव घेऊन, आकडा घेऊन विचारता आले. त्याआधी असा वाद मंत्र्यांच्या बंगल्यावर मिटायचा आणि कसा मिटला ते कुणाला कळायचं नाही. आता मला सांगा, तोच ६५ चा आकडा कुठल्यातरी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे आत दडलेला असता आणि अधिकाऱ्याने फक्त म्हटलं असतं की सिस्टीमने ८.६ काढलंय, तर पैठणचा शेतकरी कोर्टात कशावर बोट ठेवणार होता?

सिस्टीम. या शब्दाची मला मॉडेलपेक्षा जास्त भीती वाटते. पूर्वी तलाठी भाऊसाहेब म्हणायचे उद्या या. आता खिडकीतला पोरगा म्हणतो सिस्टीम घेत नाही. भाऊसाहेबांशी भांडता यायचं, चहा पाजता यायचा, त्यांच्या साहेबाकडं जाता यायचं. सिस्टीमशी कसं भांडणार? ई-पीक पाहणी २०२१ ला आली, कल्पना चांगलीच आहे, आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची. पण रेंज नाही, सर्व्हर डाऊन, शेवटची तारीख गेली, आणि पीक शेतात डोलतंय तरी सातबाऱ्यावर पडीक. उद्या पाण्याच्या मॉडेलने हीच नोंद खाल्ली तर? शेतात कांदा, मॉडेलला पडीक, पाण्याची मागणी शून्य. साखर कारखान्याचा काटा इलेक्ट्रॉनिक होऊन किती वर्षं झाली, काटामारीच्या तक्रारी थांबल्या का? शेतकरी संघटना एकच मागणी का करत आल्या, की बाहेरच्या काट्यावर वजन करून ऊस नेऊ द्या? कारण मशीन डिजिटल असण्याने भरवसा येत नाही, दुसऱ्या मशीनवर तपासून बघता येण्याने येतो.

म्हणून माझी पहिल्या पार्टीला विनंती आहे, टाळ्या वाजवायच्या आधी तीन-चार फालतू वाटणारे प्रश्न विचारा. आमच्या चारीला किती पाणी सोडलं हे मला फोनवर दिसणार का, का फक्त साहेबांच्या पडद्यावर? मॉडेलने ठरवलं एक आणि सोडलं दुसरं, तर कोणी बदललं आणि कुठल्या तारखेला, याची नोंद राहणार का? (राहिली ना, तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जे ठरतं आणि रात्री फोनवर जे बदलतं यातला फरक पहिल्यांदा कागदावर येईल, आणि मला वाटतं या एकाच कारणासाठी सगळ्यात जास्त विरोध होईल, फक्त तो विरोध शेतकऱ्याच्या ज्ञानाच्या नावाने होईल.) सेन्सर बंद पडला तर मॉडेल कुणाच्या बाजूने अंदाज बांधणार? आमच्याकडं एका मोजणी यंत्राची सोलर प्लेट तीन महिन्यात चोरीला गेली, बॅटरी त्याच्याही आधी, आणि पुढचं वर्षभर त्या यंत्राचा शेवटचा आकडाच पुढं चालू राहिला. म्हणजे ते ३२, ३२ वालं रजिस्टरच की, फक्त पेनाचा खर्च वाचला.

आणि दुसऱ्या पार्टीला एवढंच, की टेलवाल्याने मशीनला विरोध करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा आहे. हेडवाल्याला मोजमाप नकोय हे समजू शकतो, त्याचं न मोजण्यातच भलं आहे. आपलं काय भलं झालं आजवर न मोजून? आज युरोपचे सेंटिनेल-२ हे सॅटेलाइट दर पाच दिवसांनी आपल्या शेताचा फोटो काढतात, दहा मीटरचा एक ठिपका, फुकट, कुणीही बघावा. पावसाळ्यात ढग आडवे येतात, पण आपली भांडणं रब्बी-उन्हाळ्यातली, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. त्या फोटोत हेडचा ऊस हिरवागार आणि टेलचा हरभरा पिवळा पडलेला सरळ दिसतो, आणि ते चित्र कुणा निरीक्षकाने रंगवलेलं नसतं. कागदावर टेलपर्यंत भिजलं असं लिहिलेलं असेल आणि आकाशातून कोरडं दिसत असेल, तर इतके दिवस आपण जे तोंडाने सांगत होतो ते आता छापून टेबलावर ठेवता येतं. बालीच्या शेतकऱ्यांचं जे मॉडेलने केलं ते आपलं करून घ्यायची ही संधी आहे, आणि आपण पारावर बसून एसीला शिव्या घालतोय.

कोट्यवधींची योजना आमच्या चारीपर्यंत कधी यायची ती येईल. या रब्बीला आम्ही पाचजणांनी पहिलं आवर्तन सुटायच्या आधी फ्ल्यूममधला आणि त्याच्या खालचा गाळ काढला, दोन ट्रॉल्या निघाला. ऑइलपेंटचे दोन छोटे डबे आणले, एक पांढरा एक लाल, आणि भिंतीवर लेव्हल लावून सेंटीमीटरच्या रेघा मारल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, ज्याचं रान जवळ त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, तारीख-वेळ फोनच टाकतो. पाटबंधारे शाखेतल्या एकाने विचारलं, कशाला हे, आम्ही लिहितोच की. आम्ही म्हटलं तुम्ही लिहा, आम्ही फोटो काढतो. सातव्या दिवशी पहाटे पट्टी २८ वरून १९ वर आली होती. फोन केला तर तिकडून उत्तर आलं की रजिस्टरला ३० आहे. फोटो पाठवला. तासाभराने वरच्या अंगाला कोणीतरी दोन आउटलेट बंद केले, दुपारी चारला २६ झालं.